झाल्यात जमा

स्पेनच्या सँटँडर बँकेने ब्रिटनमधली टीएसबी २६५ कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं, ही बातमी जुलै २०२५ मध्ये आली. चर्चा झाली ती किमतीची आणि भागधारकांची. मला मात्र त्यात वेगळंच काही दिसलं. विलीनीकरण म्हणजे टीएसबीच्या ग्राहकांची खाती पुन्हा एका संगणक यंत्रणेवरून दुसरीवर हलवायची. मागच्या वेळी ती हलवली तेव्हा काय झालं, हे कुठल्याही कंपनीत 'गो-लाइव्ह'ची तारीख ठरवणाऱ्या माणसाला पाठ असलं पाहिजे.

टीएसबी २०१५ मध्ये सबादेल बँकेकडे गेली, तरी तिची खाती जुन्या मालकाच्या, लॉइड्सच्या यंत्रणेवरच चालत होती. ती सबादेलच्या नव्या यंत्रणेवर न्यायचं काम २० एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं. रविवारी संध्याकाळी सेवा उघडल्या. ग्राहक ५२ लाख. डेटा ठीकठाक आला होता. सामान नव्या घरी सुखरूप पोचलं, पण दारच उघडेना, अशी गत. १९ लाख लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना, काहींना भलत्याचीच खाती दिसली. घडी पूर्ण बसायला डिसेंबर उजाडला. तोवर ३३ कोटी पौंडांचा फटका बसला होता, ८० हजार ग्राहक निघून गेले होते आणि मुख्याधिकारी पॉल पेस्टर पायउतार झाले होते. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड ठोकला तो वेगळाच.

हे का झालं याचा छडा स्लॉटर अँड मे या कायदा कंपनीने लावला. तिचा २०१९ चा अहवाल जाडजूड आहे, तरी प्रकल्प चालवणाऱ्यांनी तो वाचावाच. मूळ तारीख होती नोव्हेंबर २०१७. ती गाठणं शक्य नाही असं दिसल्यावर नवी योजना आखायला घेतली. पण ती पुरी व्हायच्या आतच '२०१८ ची पहिली तिमाही' असं जाहीर करून बँक मोकळी झाली. काही कामं सात महिने मागे पडली होती आणि वाढवून घेतला होता चारेक महिन्यांचा वेळ. आपल्याकडे कार्यालय मिळालं की लग्नाची तारीख ठरते, आणि मग बाकीचं सगळं त्या तारखेत बसवावं लागतं. लग्नात ते निभावतं, कारण ऐन वेळी धावून येणारे मामा-काका असतात. ५२ लाख ग्राहकांच्या बाबतीत ते निभावत नाही.

त्यात नवी यंत्रणा एकाच वेळी दोन डेटा सेंटरांवर चालणार होती, आणि त्या जोडीने चालण्याची चाचणी झाली एकाच सेंटरवर. संचालक मंडळाला हे सांगितलंच गेलं नव्हतं.

पण अहवालातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट भाषेची आहे. यंत्रणा बांधणारी सबादेलचीच उपकंपनी होती आणि तिच्यामागे पुरवठादारांची लांबलचक रांग. स्थलांतराआधी त्यांच्याकडून तयारीची लेखी हमी मागवली गेली. जे आलं ते बरंचसं भविष्यकाळात होतं. तयार राहू, व्हायला हरकत नाही, अशा धर्तीचं. काय झालंय, हे त्यात नव्हतं. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे: 'झाल्यात जमा'.

हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकला आहे. चाकणच्या एका कारखान्यात गोदामाची नवी प्रणाली बसवत होतो. स्टेटसच्या एक्सेलमध्ये 'लेबल छपाई' ही ओळ चार आठवडे हिरवी, ९० टक्के. आढावा बैठकीत मीच म्हटलं, झाल्यात जमा आहे. कोपऱ्यात बसलेले स्टोअरकीपर, तीस वर्षं त्याच गोदामात काढलेले, म्हणाले, "साहेब, एक लेबल काढून माझ्या खोक्याला लावून दाखवता का?" खाली गेलो. लेबल छापलं, चिकटवलं, वरून नेहमीसारखं प्लास्टिक गुंडाळलं. स्कॅनर वाचेना. प्लास्टिकवर दिव्याची चमक येत होती. आमच्या सगळ्या चाचण्या ऑफिसातल्या टेबलावर, उघड्या कागदावर झालेल्या. तारीख तीन आठवडे पुढे गेली. वरिष्ठ माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ती ओळ हिरवी मी ठेवली होती.

म्हणून मला वाटतं, आढावा बैठकीत टक्के विचारणं बंद करावं. 'किती झालं' याला कुणीही ९० म्हणू शकतो. 'दाखवा' म्हटलं की उत्तर बदलतं. टीएसबीच्या संचालकांनी एवढंच म्हटलं असतं, तर दुसऱ्या सेंटरचा प्रश्न एप्रिलच्या आधीच टेबलावर आला असता.

एप्रिल २०२३ मध्ये बँकेचे स्थलांतराच्या वेळचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख कार्लोस आबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. पुरवठादार खरंच तयार आहेत का, याची नीट खातरजमा केली नाही, हा ठपका. मला हा दंड योग्य वाटतो. पण तारीख आधी जाहीर झाली होती संचालक मंडळाच्या पातळीवर, आणि त्या खोलीतल्या कुणालाही व्यक्तिशः असा दंड झाला नाही. आता सँटँडरच्या बैठकीत पुन्हा तारखा मांडल्या जातील. तिथे एखादा स्टोअरकीपर बसवायला हवा.