ठाणे जेलमध्ये दिवस कसा जातो? घरच्यांना माहीत हवं असं काही

वसई : आपल्याकडे कोणाला न्यायालयीन कोठडी झाली की गावात एकच बोललं जातं, "त्याला ठाण्याला नेला." वसई, पालघर, डहाणूकडचे अनेक आरोपी ठाणे मध्यवर्ती कारागृहात जातात. पण आत नेमकं काय चालतं, हे घरच्यांना ठाऊक नसतं.

हे जेल म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकलं, त्यानंतर दोन वर्षांनी आपला वसईचा किल्ला. १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांकडे गेलं आणि पुढे किल्ल्याचं जेल झालं. पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. नाशिकच्या जॅक्सन प्रकरणात अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं.

आता आतला दिवस. उजाडलं की बराक उघडते, गिनती होते. मग चहा-नाश्ता. दुपारचं जेवण सकाळी दहा-अकरालाच मिळतं, नंतर काही तास पुन्हा बंदी. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारास. बरेच जण ते झाकून ठेवतात आणि रात्री गारच खातात. अंधार पडायच्या आत गिनती करून कुलूप लागतं, ते सकाळीच निघतं. सक्तमजुरी झालेल्याला काम करावं लागतं, त्याची मजुरी जमा होते. खटला चालू असलेल्याला, म्हणजे कच्च्या कैद्याला, कामाची सक्ती नाही आणि तो स्वतःचे कपडे घालतो.

खरी अडचण गर्दीची. जेलची क्षमता १,१०५, पण अलीकडच्या वर्षांत तिथे त्याच्या तिपटीहून जास्त माणसं राहिली आहेत. त्यात बहुतेक कच्चे कैदी. म्हणजे गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

म्हणून घरच्यांनी एवढं ध्यानात ठेवा. भेटीसाठी ई-मुलाकातवर आधी नाव नोंदवा, आधारकार्ड सोबत न्या. पोलिसांनी गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो, मात्र अर्ज लगेच करावा लागतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कलम ४७९ आहे. आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचं असतं. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. तसा अर्ज कोर्टात पाठवणं जेल अधीक्षकाचं काम आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला, तसंच एकाहून जास्त खटले चालू असतील तर हे लागू नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, शेत गहाण टाकायचीही घाई नको. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा.