पोलवर उलटे होण्याआधी

पोल डान्समध्ये शरीर तोलले जाते ते बरेचसे उघड्या कातडीच्या पकडीवर. म्हणूनच सरावाआधी अंगाला क्रीम लावत नाहीत. साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा घामाने लगेच निसटतो, तेव्हा तो मधूनमधून पुसावा लागतो.

उलटे होताना झोका घेऊन पाय वर फेकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने खांद्याला हिसका बसतो. आधी नुसते लटकायचे, मग कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढायचे. हे जमले की गुडघे पोटाशी घेऊन सावकाश वर जायचे आणि तितक्याच सावकाश उतरायचे. स्नायूंपेक्षा कंडरा उशिरा बळकट होतात, त्यामुळे मध्ये विश्रांतीचे दिवस हवेत. सराव दोन्ही बाजूंनी, खाली जाड गादी आणि शेजारी जाणकार सोबती ठेवून करावा.