सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा मित्र

आमचा रोह्याचा मित्र कर्करोगाने गेला, त्याला बरीच वर्षे झाली. पेणच्या न्यायालयातून बाहेर पडताना आजही वाटते, समोरच्या टपरीवर तो अर्जांची पिशवी घेऊन उभा असेल आणि 'जयभीम, वकीलसाहेब' अशी हाक मारील. तो स्वतः शिकलेला फार नव्हता. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबला आणि उरलेला सारा वेळ त्याने चळवळीला दिला.

पेणमध्ये महामुंबई सेझविरुद्धचा लढा पेटला होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. आम्ही आनंदात होतो. त्याने मात्र विचारले, 'खातेदारांना विचारलं, चांगलं झालं. पण त्यांच्या शेतावर लावणीला जाणाऱ्या आपल्या बायांना कोणी विचारलं? वाडीवरच्या कातकऱ्यांना? जमीन गेली तर त्यांचीही रोजी जाणार ना?'

'आधी जमीन वाचू दे, मग बघू,' आम्ही म्हणालो.

'मग बघू ऐकतच आपल्या पिढ्या गेल्या,' तो म्हणाला. मजुरांची गाववार यादी करायची, असे त्या दिवशी ठरले.

त्याचे म्हणणे बाबासाहेबांच्या वाटेवरचेच होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील ती कुळेही कागदावर मालक नव्हती. चरीच्या शेतकरी संपाचे नेते नारायण नागू पाटील त्या लढ्यात बाबासाहेबांसोबत होते. राबणाऱ्याचा हक्क कागदाच्या आधी येतो, हे आम्ही भाषणात सांगत होतो. तो ते धरून बसला होता.

पुढे सेझ बारगळले. आमची यादीही मागे पडली.

त्याचा घसा बसू लागला, तेव्हा रोज बुडेल म्हणून त्याने तपासणी लांबवली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार सुरू झाले, मुक्काम दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत. सभा गाजवणारा त्याचा आवाज गेला. आम्ही भेटायला गेलो, तर त्याने वहीत लिहिले, 'यादी झाली का?' आम्ही मान खाली घातली. त्याने वही मिटली आणि आमच्या हातावर हात ठेवला. तीच शेवटची भेट.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात राबणाऱ्या आणि त्यावरच पोट असलेल्या भूमिहीन शेतमजुराचे कुटुंबही त्यात 'बाधित कुटुंब' ठरते. हे पाहायला तो नव्हता. पण कायद्यात शब्द आला म्हणून यादीत नाव येत नाही. मजूर तीन वर्षे तिथे राबत होता, हे दाखवावे लागते आणि त्याचा पुरावा सातबाऱ्यावर नसतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, प्रकल्पाची नोटीस येण्याची वाट पाहू नका. आपल्या वस्तीत, शेजारच्या वाडीवर वही घेऊन बसा आणि कोण कुठे राबतो ते लिहून काढा. आम्ही उशिरा का होईना, सुरुवात केली आहे. मित्राला आमचे हेच अभिवादन. जयभीम!