सुगंधी मेणबत्ती लावताय? आधी वात कापा

गेल्या ईदला एका माजी विद्यार्थिनीने काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती तोहफा म्हणून आणून दिली. मोगऱ्याची खुशबू, आणि महागाचीच असणार. मी ती रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं लावायचे, जपून वापरतेय म्हणून खूशही असायचे. महिनाभरात मधोमध विहिरीसारखा खड्डा पडला, कडेचं मेण तसंच राहिलं आणि वात खाली बुडाली. जपण्याच्या नादात निम्मी मेणबत्ती वाया गेली. वर्गात ज्वलनाचा धडा मीच शिकवते, हे सांगायला लाज वाटते!

मेणबत्तीत वात जळते असं मुलांना वाटतं. खरं तर ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि मुख्यतः ती वाफ जळते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर या साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. एवढं त्यात शिकण्यासारखं आहे.

म्हणून पहिल्यांदा लावताना मेण ग्लासाच्या कडेपर्यंत वितळू द्या. तीन इंच रुंद ग्लासाला साधारण तीन तास लागतात. तेवढा वेळ घरात, जागे असाल तरच लावा. मात्र सलग चार तासांपेक्षा जास्त नको, काच फार तापते. खड्डा पडलाच असेल तर ग्लासाच्या तोंडावर फॉइल गुंडाळून मध्ये भोक ठेवा आणि मेणबत्ती लावा, कडेचं मेण वितळून सपाट होतं. फॉइल तापतं, थंड झाल्यावरच काढा.

दर वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा. नेलकटर चालतो. वात लांब राहिली की पूर्ण जळू शकेल त्याहून जास्त मेण वर ओढलं जातं आणि उरलेल्याची काजळी होते. काचेवर, भिंतीवर येतो तो काळा थर हाच. छताचा पंखा चालू असला की ज्योत हलते, मग काजळी अजून वाढते. पंखा बंद ठेवा आणि विझवल्यावर खिडक्या उघडा. घरात कुणाला दमा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लावूच नका. खुशबू पाहुण्यांना आवडते, त्रास घरच्यांना होतो.

आता एहतियातची गोष्ट. आमच्याकडे लाईट गेली की हीच मेणबत्ती दिवा म्हणून पलंगाशेजारी ठेवली जाते आणि माणूस झोपून जातो. पडदा, ओढणी, मुलांचा हात, सगळं जवळच असतं. अशा वेळी बॅटरी वापरा. ग्लासाखाली लाकूड किंवा प्लास्टिक नको, स्टीलची ताटली ठेवा. विझवायला फुंकर मारण्यापेक्षा झाकण लावा, हवा मिळाली नाही की ज्योत आपोआप जाते. पाणी मात्र कधीच ओतू नका. गरम मेण उडून अंगावर येतं, काचही तडकते.

तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबायचं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. ग्लास रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने सुटून येतं. माझ्या ग्लासात आता खडू आहेत.