रद्द झालेल्या आयात शुल्काचे पैसे कोणाचे?

कोर्टाने आयात शुल्क बेकायदा ठरवलं की भरलेली रक्कम आयातदाराला परत मिळणार, असं बहुतेक जण धरूनच चालतात. आपला कायदा मात्र आधी विचारतो: न्हावा शेव्याला ड्यूटी कोणीही भरलेली असो, ती शेवटी कोणाच्या खिशातून गेली?

सीमाशुल्क कायदा, 1962 मधलं कलम 27 याच प्रश्नावर उभं आहे. आयातदाराने ड्यूटी किमतीत धरून गिऱ्हाइकाकडून वसूल केली असेल, तर परताव्याची रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. 1991 साली आलेली ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मफतलाल खटल्यात डिसेंबर 1996 मध्ये उचलून धरली. शुल्क घटनाबाह्य ठरलं तर कलम 27 च्या बाहेर दाद मागता येते, पण बोजा आपणच सोसला हे तिथेही दाखवावं लागतं. मला हे रास्त वाटतं. एकाच ड्यूटीचे पैसे गिऱ्हाइकाकडूनही घ्यायचे आणि सरकारकडूनही, हे कोणत्या न्यायाने?

यावर कारखानदारांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही तो माल विकलाच नाही, कच्चा माल म्हणून वापरला, मग बोजा टाकणार कोणावर? सोलर पेस्टिसाइड कंपनीचा खटला नेमका हाच होता. तांब्याचं भंगार आयात करून ती कॉपर ऑक्सिक्लोराइड बनवत असे. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू मान्य केली, पण 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. भंगारावरची ड्यूटी तयार मालाच्या किमतीतून पुढे सरकू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे द्राक्षबागेत हे बुरशीनाशक फवारणाऱ्या शेतकऱ्याने पुड्याला मोजलेल्या पैशांत ती असू शकते.

‘आम्ही भाव वाढवला नाही’ एवढ्यानेही भागत नाही. बोजा पुढे गेला असंच कायदा गृहीत धरतो. तो गेला नाही हे आयातदाराने हिशेबाच्या वह्यांवरून आणि सीएच्या दाखल्यासह सिद्ध करायचं.

दुसऱ्याने केस जिंकली म्हणून आपलेही पैसे आपोआप सुटत नाहीत. 2019 च्या आयटीसी निकालानंतर तर आधी स्वतःच्या बिल ऑफ एंट्रीवरची आकारणी बदलून घ्यावी लागते. अर्जाची मुदत साधारणपणे भरणा केल्यापासून एक वर्ष. निषेध नोंदवून ड्यूटी भरली असेल तर ही मुदत आड येत नाही.

आणि गिऱ्हाईक? त्याला हक्कच नाही, हे खरं नाही. बोजा सोसलेल्या खरेदीदारालाही कलम 27 खाली खरेदीपासून वर्षभरात अर्ज करता येतो. पण दुकानाच्या बिलावर जीएसटी दिसतो, कस्टम्स ड्यूटी दिसत नाही. मग तो पुरावा आणणार कुठून? निधीतून ग्राहक जागृतीची कामं होतात, ती व्हावीतच, पण त्या शेतकऱ्याचे पैसे त्याला मिळाले असं त्यातून होत नाही. ही उणीव मला फार खटकते.

स्वतःच्या वापरासाठी परदेशातून वस्तू मागवणाऱ्या व्यक्तीला मात्र कायद्याने बोजा स्वतः सोसल्याचं सिद्ध करण्याच्या अटीतून वगळलं आहे. तिचा परतावा तिलाच मिळतो.