बागेत न दिसणारे ज्येष्ठ

म्हातारपणाची सोय लावण्याचा नागपुरातला एक फार जुना प्रयत्न गिरणीत झाला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला. हातपाय थकले की कामगाराने घरी बसायचे आणि पुढचे त्याच्या मुलांनी बघायचे, असा तेव्हाचा सार्वत्रिक रिवाज होता. ती गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली. आज भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. सप्टेंबर २०१४ पासून हा आकडा हललेला नाही. तो ७,५०० करावा म्हणून विदर्भातले पेन्शनर वर्षानुवर्षे मोर्चे काढत आहेत, उन्हातान्हात धरणे धरत आहेत. सत्तरीतल्या माणसाला औषधाच्या पैशासाठी रस्त्यावर बसावे लागते, हे या शहराने नेहमीचे म्हणून स्वीकारता कामा नये.

नागपूर हे तसे पेन्शनरांचेच गाव. १९५६ पर्यंत इथे आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राजधानी गेली तरी महालेखापालांचे कार्यालय, रेल्वे, पोस्ट, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्स अशी नोकरदारांची खाती राहिली. त्यांनी प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर अशा लेआउटमध्ये प्लॉट घेतले, कर्ज काढून घरे बांधली, मुलांना इंजिनिअर केले. मुले पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला गेली. वरचा मजला मुलासाठी म्हणून चढवला होता, तिथे आता भाडेकरू आहे किंवा कुलूप. पूर्व आणि उत्तर नागपुरातले चित्र वेगळे. तिथे मुलगा-सून घरातच असतात, पण दोघेही दिवसभर कामावर आणि खोली एकच. एकटेपण दोन्हीकडे आहे. फक्त एकीकडे पैसा आहे, दुसरीकडे तोही नाही.

१९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांना सोबत घेऊन नागपुरात चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. तीच मातृ सेवा संघाची सुरुवात. कमलाताई बालविधवा. डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या उभ्या राहिल्या. त्याआधीचे दशक प्लेगचे, दुष्काळाचे आणि १९१८ च्या तापाच्या साथीचे. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटली असे ते एकमेव दशक, आणि सरासरी आयुर्मान जेमतेम विशीच्या घरात. साहजिकच तेव्हाची निकड होती ती बाळ-बाळंतीण वाचवण्याची. त्याच संस्थेचा आज उमरेड रोडवर पंचवटी हा वृद्धाश्रम आहे. आईची काळजी घ्यायला निघालेली संस्था शंभर वर्षांत आजीपर्यंत येऊन पोहोचली. वाचलेली मुले मोठी झाली, म्हातारी झाली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १०.३८ कोटी लोक होते, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास दहा. हा आकडा वाढतच राहणार. त्यात विधवा स्त्रियांचा वाटा मोठा असणार, कारण बायका नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि जगतातही जास्त.

मग त्यांच्यासाठी शहरात आहे काय? बरेच आहे, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवे. वस्त्यावस्त्यांत ज्येष्ठ नागरिक मंडळे आहेत. ती नुसती गप्पांची ठिकाणे नाहीत. महिन्याची सभा, त्या महिन्यातल्या सभासदांचे वाढदिवस, पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाचे सत्कार, शुगर-बीपीची तपासणी, कोजागरी, रामटेक-शेगावची सहल हे सगळे सभासदांच्या वर्गणीवर आणि दोन-चार खटपट्या माणसांच्या जिवावर चालते. बागांमधून विरंगुळा केंद्रे आहेत, पहाटे हास्य क्लब आहेत. एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला आणि किती तरी आजी-आजोबा बऱ्याच वर्षांनी आपल्या गावाला जाऊन आले. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रे मिळाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे विमासंरक्षण आहे.

या यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घेण्यासाठी मात्र घराबाहेर पडावे लागते. बागेत येतो तो चालू शकणारा म्हातारा. मंडळाच्या सभेला पुरुष जास्त, बायका कमी, कारण त्या वयातही घरचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. एखादे काका दोन महिने दिसले नाहीत की मंडळात विचारपूस होते, ‘गुडघे धरलेत त्यांचे’ असे उत्तर येते, आणि पुढच्या वर्षी त्यांची वर्गणी येत नाही. सगळ्यात जास्त गरज सुरू होते ती इथून, आणि नेमक्या इथेच आपल्या सेवा थांबतात.

नोव्हेंबरमध्ये कुठल्याही बँकेत जाऊन बघा. हयातीच्या दाखल्यासाठी रांग असते. अशाच एका शाखेत एक आजी बोट मशीनवर टेकवत होत्या आणि ठसा काही उमटत नव्हता. आयुष्यभर राखेने भांडी घासून रेषाच पुसल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांचा हात पुसला, थोडे क्रीम लावले, ‘आजी, आता हे बोट द्या, जोर नका देऊ’ म्हणत एकेक बोट करून पाहिले. अंगठ्याने अखेर साथ दिली. तेवढ्यासाठी आजी दोन जिने चढून आल्या होत्या. खरे तर आता मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देता येतो. पोस्टमन अल्प शुल्कात घरी येऊनही करून देतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. हे त्या आजींना कुणी सांगितलेच नव्हते. मंडळांनी ऑक्टोबरात एवढे एक काम अंगावर घेतले, तरी कितीजणांचे जिने वाचतील!

निराधारांच्या श्रावणबाळ योजनेचेही असेच. २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नकोत. ही अट आजच्या महागाईत ठेवणे अन्यायाचे आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारायला लावणे त्याहून.

नागपुरात आणखी एक गोष्ट आहे जिचा विचार पुण्या-मुंबईत बसून होत नाही, ती म्हणजे ऊन. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, घाम कमी येतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातले पाणी आणखी उतरते. उष्माघात म्हटला की आपल्याला रस्त्यावरचा मजूर आठवतो, पण स्लॅबखालच्या बंद खोलीत, रात्रीही भिंती तापलेल्या असताना, एकटी म्हातारी बाईही त्यात सापडते. तिच्याकडे कूलर असतो, पण त्याच्या टाकीत रोज चार-पाच बादल्या पाणी कोण ओतणार? खांदा वर जात नाही. पाणी संपले की कूलर गरम हवा फेकतो. उष्णता कृती आराखड्यात सूचना असतात, बागा उघड्या ठेवणे असते, रुग्णालयात खाटा राखणे असते. मे महिन्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाच्या घरी दुपारी बाराच्या आत एक फेरी आणि टाकी भरून देणे, हेही त्यात हवे.

सध्या घरात येऊन सांभाळ करणारी एकच सेवा आहे, ती नर्सिंग ब्युरोतून येणाऱ्या बाईची. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुटी अनिश्चित, प्रशिक्षण बहुधा हाताखाली शिकून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचेखाली उशी द्यायची, भरवताना मान किंचित पुढे ठेवायची, हे ज्या बाईला कळते तिच्यामुळे घर तरते. पण तिचा महिन्याचा खर्च मध्यमवर्गीय पेन्शन गिळून टाकतो, आणि गरिबाच्या घरी ती येतच नाही.

कायदा मदतीला आहे. २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे वकील न लावता अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. घर मुलाच्या नावे करून दिल्यावर हाल झाले, तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले आहे. तरीही बक्षीसपत्रातच ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. माया म्हणून कुणी ते लिहीत नाही आणि नंतर पस्तावतात. १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

पण आदेश मिळाला म्हणून पाठीवर मलम लावायला माणूस मिळत नाही. तो मिळवून दाखवला केरळने. कोझिकोडमध्ये १९९३ ला सुरू झालेल्या, दुखणेकऱ्याच्या वेदना हलक्या करणाऱ्या परिहारक (पॅलिएटिव्ह) सेवेने पुढे शेजारच्या लोकांनाच शिकवून तयार केले. परिचारिका गाडीतून घरोघर जाते, जखम साफ करते, नळी बदलते. शेजारचा स्वयंसेवक मधल्या दिवसांत डोकावतो, औषध संपले की कळवतो. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी खर्च उचलला.

यासाठी लागणारे सगळे नागपुरात हाताशी आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, मातृ सेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय १९५८ पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. कुणाचे घर कुठे, कोण एकटे, कोणाची वर्गणी यंदा आली नाही, याची यादी मंडळांच्या चिटणिसांकडे आहे. महापालिकेने एका झोनपुरती दोन परिचारिका आणि एक गाडी द्यावी, मंडळांनी याद्या द्याव्यात, आणि काम मार्चमध्ये, ऊन तापण्याआधी सुरू करावे.