सीबीटी करून पाहावी का?

मनाचा दवाखाना : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण चिंतेच्या आजारावरील औषधांबद्दल बोललो. अनेकदा डॉक्टर गोळ्यांच्या खाली 'सीबीटी' एवढी तीनच अक्षरे लिहितात, एखाद्या मानसशास्त्रज्ञाचा फोन नंबर देतात, आणि तो कागद फायलीत तसाच पडून राहतो. नुसतं बोलून आजार कसा बरा होईल, असे घरात कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. ती चिठ्ठी तुमच्याही फायलीत असेल, तर फोन करण्याआधी काय पाहावे, ते या लेखात.

'नुसतं बोलून' ही समजूत आधी दूर करू. सीबीटीमध्ये, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीमध्ये, बोलणे असतेच, पण त्याहून जास्त काम असते ते करून पाहण्याचे. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या लक्षात आले, की नैराश्याच्या रुग्णांच्या मनात स्वतःबद्दलचे काही कठोर विचार आपोआप येऊन जातात आणि ते तपासून पाहण्याचे रुग्णाला सुचतही नाही. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस १९५५पासून साधारण याच दिशेने निघाले होते. त्यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला परिचयाची आहे. विचार तपासायचा आणि वागून त्याची परीक्षा घ्यायची, हा या उपचारांचा गाभा आहे.

समजा, रोज ठाण्याहून दादरला लोकलने जाणारी एक तरुणी आहे. एकदा गर्दीत तिची छाती धडधडली, हाताला मुंग्या आल्या, आता आपण जाणार असे वाटले. ईसीजी नॉर्मल निघाला, बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्या. तरी ती आधी गर्दीच्या गाड्या सोडू लागली, मग कोणीतरी बरोबर असल्याशिवाय निघेना, आणि शेवटी ऑफिसातून घरून काम मागून घेतले. सीबीटीमध्ये तिला एक वही करायला सांगतात. प्रसंग, मनात आलेला विचार, त्यावर विश्वास किती टक्के, त्या विचाराच्या बाजूने काय पुरावा आहे आणि विरुद्ध काय, असे रकाने. 'मुलुंड गेलं, दरवाजा लांब आहे. विचार : मी आता चक्कर येऊन पडणार. विश्वास : ९० टक्के.' विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात ती बराच विचार करून लिहिते : 'असं वाटलं पुष्कळदा, पडले एकदाही नाही.'

वहीवर काम थांबत नाही. थेरपिस्ट तिला तिथेच, खोलीत, मिनिटभर मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावतात. त्याच मुंग्या, तीच गरगर. थोड्या वेळाने सगळे आपोआप ओसरते. (हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.) मग दुपारच्या मोकळ्या धीम्या गाडीने ठाणे ते मुलुंड एकच स्टेशन, पुढे भांडुप, मग गर्दीची वेळ. आणि हे करताना आईला फोन लावून ठेवायचा नाही, पाण्याची बाटली मुठीत घट्ट धरायची नाही. कारण तसे केले, तर फोनमुळेच आपण वाचलो असे मन धरून बसते.

सीबीटी करायची की नाही, याचा निर्णय इथे ठरतो. आठवड्यातला तासभर थेरपिस्टसमोर जातो, पण मुलुंडपर्यंतचा प्रवास तुम्हालाच करायचा असतो. येते दोन-तीन महिने हा गृहपाठ करण्याइतका वेळ आणि त्राण आहे का, एवढेच स्वतःला विचारा. 'मी फार शिकलेली नाही', 'मला मनातलं नीट सांगता येत नाही' ही कारणे मला पटत नाहीत, आणि त्याला गोव्यातला भक्कम पुरावा आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा एक उपचार आखला. तो देणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. भर होता सीबीटीच्या कुळातल्याच एका सोप्या भागावर : मन लागण्याची वाट न पाहता, सुटलेली छोटी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना हा उपचार मिळाला नव्हता, त्यांच्यात ३९ टक्क्यांचे. गावातल्या सरकारी केंद्रात हे घडते, तर आपल्या शिक्षणाची सबब पुढे करायला नको.

काही वेळा मात्र सीबीटीने सुरुवात करू नये. जेवणखाण, झोप सगळेच सुटले असेल, भास होत असतील, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे आणि आजच जायचे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. आणि घरात मारहाण होत असेल, तर त्या बाईची भीती हा विचारातला दोष नाही. तिला आधी सुरक्षित जागा हवी. अन्याय सोसण्याची सवय लावणारी थेरपी कोणी देत असेल, तर तिथून उठून यावे.

गोळ्या चालू असतील, तर त्या बंद करायची गरज नसते. दोन्ही बरोबर चालतात. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नका.

प्रश्न पैशांचा. मुंबई-पुण्यात खासगी सेशनला हजार-दोन हजार रुपये सहज पडतात, आणि अशी दहा-बारा सेशन्स धरावी लागतात. ज्यांना हे झेपत नाही, त्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. सगळीकडे सीबीटी मिळेलच असे नाही, रांगाही लांब असतात, आणि ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची मोठी उणीव आहे, हे मी दर लेखात म्हणत राहीन.

खासगीत जाणार असाल, तर पहिल्याच फोनवर मोकळेपणाने विचारा. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून तुमची नोंदणी आहे का? माझ्या त्रासावर सीबीटी कशी करता? गृहपाठ असतो का? सुधारणा कशी मोजता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'तुम्हाला बरं वाटेलच की' असे आले, तर दुसरीकडे चौकशी करा. चांगले थेरपिस्ट पहिल्याच भेटीत एक प्रश्नावली भरून घेतात आणि काही आठवड्यांनी तीच पुन्हा भरायला देतात. पाच-सहा सेशन्स नेटाने गृहपाठ करूनही त्या आकड्यांत आणि रोजच्या जगण्यात काही हलले नाही, तर ते थेरपिस्टना स्पष्ट सांगा. पद्धत बदलता येते, माणूस बदलता येतो, औषधाचा फेरविचार करता येतो. त्यात कोणाचा अपमान नसतो.

पुढच्या आठवड्यात ओसीडी : वारंवार हात धुणाऱ्या माणसाला हात न धुता बसायला सांगणारी उपचारपद्धत, आणि तिच्यात घरच्यांनी काय करायचे.